अडीचशे नावांपर्यंत फुकट

भांडं वाजवून घ्यावं, हे आम्हीच गिऱ्हाइकाला सांगतो.
पेराने टिचकी मारायची, कान द्यायचा,
चीर असेल तर ते बद्द बोलतं.
पण ईमेल पाठवणारी कंपनी
कुठे टिचकी मारून घ्यायची?

रविवारी भाची आली, मनवा, गंगापूर रोडवरून,
लॅपटॉप ठेवला उपड्या घंगाळाच्या बुडावर,
भांडी बाजारातल्या माझ्या दुकानात तेवढंच सपाट,
म्हणाली, मामा, तीन निवडल्यात. बघ.

पहिलीचं पान देखणं. पैसे डॉलरात.
मी लिहिलं, दिवाळीआधी कल्हई करून घ्या.
पोचलं तेव्हा कल्हईतला ल एकीकडे, ह एकीकडे,
सांध्याला डागच बसलेला नाही.
बद्द.

दुसरी चेन्नईची. बिल रुपयांत, फोनवर खरा माणूस,
हिंदी त्याचं माझ्याइतकंच कच्चं
त्यामुळे आमचं जमलं.
पण पत्र जाऊन पडलं जाहिरातींच्या कप्प्यात,
मॉलच्या सेलखाली, गुडघेदुखीच्या तेलाच्या वर.

तिसरी साधी. चित्र एकच मावतं.
जोडाक्षरं जोडलेली.
तळाशी एक ओळ, जी काढता येत नाही:
नको असेल तर इथे दाबा.
मनवाला वाटलं मी चिडणार.
मला तीच आवडली.
चाळीस वर्षांत तोंडावर नको कुणी म्हटलं नाही,
लोक नुसते गल्लीच्या पलीकडून जायला लागतात
पिशवीत स्टील घेऊन.

पहिलं पत्र कितीही जणांना पाठवा.
मग अडीचशे नावांपर्यंत फुकट,
वर एक जरी गेलं तरी महिन्याला नऊशे.
माझ्या वहीत दोनशे त्रेसष्ट.

नावं तरी कसली,
शिंगाडा तलावचे सर, बंबवाल्या बाई,
मुलगी नांदगावला दिली ते.
मनवाने तशीच चढवली, आणि यंत्राने
अदबीने लिहिलं: प्रिय बंबवाल्या बाई.

तेरा कोण काढायचे?
चेक न वटलेले दोघे, विचारूच नका.
पुण्याला गेलेले चौघे. थांब, तीनच,
चौथ्याच्या बंबाची तोटी गळायला लागली
की त्याला मीच आठवणार.
आहिरराव दोनदा आलेत, घरचे आणि ऑफिसचे,
ऑफिसचे गेले.
एका पत्त्यातलं अक्षर पुराने खाल्लंय,
दुतोंड्या मारुती बुडाला त्या वर्षीचा डाग,
तिथे ए होता का ओ, गोदावरीलाच ठाऊक.
तीन केटरर, स्टीलकडे गेलेले.
आणि दोघांनी स्वतःच दाबलं, नको.
आवडली होती ना ती ओळ मला.
तरी लागलं.

गायधनी काका मार्गशीर्षात गेले.
त्यांचंही पत्र उघडल्याची खूण आहे,
सकाळी नऊ दहाला.
कुणी उघडलं असेल, मनवा विचारत होती.
मी म्हटलं, राहू दे.

एक पत्ता ओळखीचा नाही. तीनदा उघडलेलं.
मनवा शोधत गेली आणि हसायला लागली:
समोरचा शशिकांत कासार, बायकोच्या नावावर,
माझे भाव बघायला.
काढू?
छे. एवढं मन लावून
माझं कोण वाचतं?

म्हणजे अजून दोनशे एक्कावन्न.
वर गेलो, खाली आलो. सगळे हवेसे.
यादीत पहिला कोण आहे गं?
तू, मामा. तपासायला घातला होता.
पाठवणाऱ्याला पत्र कशाला?
मी मला काढलं.

शुक्रवारी दहाला बटण दाबलं.
माझा फोन गप्प. पोचलं का, कुणाला विचारू?
लोटा मठारत बसलो, ठोका चुकत होता.
मग समोर शशिकांतने गल्ल्यावरचा चष्मा उचलला,
पुसला,
आणि फोन जरा लांब धरला.